रब्बी योनास यांचं दप्तर

बर्लिनच्या एका दप्तरखान्यात एक सनद जपून ठेवली आहे. तारीख २७ डिसेंबर १९३५, गाव ओफेनबाख, सही रब्बी माक्स डीनेमान यांची. तिचा सारांश असा: रेगीना योनास यांची परीक्षा घेतली, धर्मशास्त्राच्या प्रश्नांना उत्तर देण्याइतका त्यांचा अधिकार आहे आणि रब्बीपद सांभाळायला त्या पात्र आहेत. मूळ सनद हिब्रूतली. सोबत तिचं जर्मन भाषांतर आहे, आणि त्याची शहानिशा करणारी सही रब्बी लेओ बेक यांची आहे. ती फेब्रुवारी १९४२ मधली.

या दोन तारखांमध्ये सहा वर्षांचं अंतर आहे, आणि योनासबाईंच्या आयुष्याकडे जायची वाट मला त्या अंतरातच दिसते. १९४२ च्या त्या हिवाळ्यात त्यांना हे भाषांतर आणि ही सही का हवी होती? ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनच्या ज्यूंना पूर्वेकडे नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या होत्या. त्याच महिन्यात ज्यूंना देश सोडून जायलाही बंदी झाली. त्यामुळे परदेशातल्या नोकरीसाठी कागद तयार करून घेतला असेल, हे कारण बाद होतं. सनद देणारे डीनेमान बुखेनवाल्डच्या छळछावणीतून सुटून पॅलेस्टाइनला गेले होते आणि एप्रिल १९३९ मध्ये तेल अवीवला वारले होते. सनदेबद्दल कुणी शंका काढली असती तर उत्तर द्यायला ते नव्हते. माझा तर्क असा की साक्षीदार गेला, तेव्हा योनासबाईंनी दुसरा साक्षीदार उभा केला. हा तर्कच आहे, पण बाकीचं दप्तर वाचत गेलं की तो बळकट होत जातो.

इथे थोडं थांबून रब्बी म्हणजे कोण हे सांगायला हवं. आपण पटकन ‘ज्यूंचा पुरोहित’ म्हणतो, आणि तिथेच घोटाळा होतो. रब्बीवाचून ज्यू उपासना अडत नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नसताना शब्बाथ पाळला आणि सण केले. प्रार्थनेला हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, पुढे उभा राहिला की काम भागत असे. अडतो तो निर्णय. हे चालेल का, ते निषिद्ध का, या लग्नाचं काय, त्या करारनाम्याचं काय, अशा प्रश्नांना शास्त्राधारे उत्तर देण्याचा अधिकार रब्बीचा. तो अधिकार अभ्यासाने येतो आणि आधीच्या अधिकारी माणसाने दिलेल्या सनदेने पक्का होतो. म्हणजे या परंपरेत रब्बी घडतो तो शिक्षकाच्या सहीने. योनासबाईंच्या आयुष्यात सह्यांना इतकं महत्त्व का, ते यावरून ध्यानात येईल.

रेगीनाचा जन्म ३ ऑगस्ट १९०२ चा, बर्लिनच्या शॉयनेनफिअर्टेल या वस्तीतला. नावाचा अर्थ कोठारांची वस्ती. पूर्व युरोपातून आलेले गरीब ज्यू तिथे दाटीवाटीने राहत. वडील वोल्फ छोटे व्यापारी होते. १९१३ मध्ये ते क्षयाने गेले. मागे आई सारा, मुलगा अब्राहाम आणि रेगीना. राईकेष्ट्रासवरच्या सिनगॉगचे रब्बी माक्स वाइल यांनी या हुशार मुलीला जवळ केलं आणि पुढे अनेक वर्षं आठवड्याच्या आठवड्याला तिच्याबरोबर शास्त्रग्रंथांचं वाचन केलं. वाइल परंपरानिष्ठ होते. त्यांच्या शिकवणीचा ठसा पुढे प्रबंधात उमटलेला दिसतो.

१९२४ मध्ये शिक्षिकेची परवानगी हातात आल्यावर तिने ज्यू विद्येच्या उच्च विद्यापीठात नाव घातलं. १८७२ मध्ये बर्लिनला सुरू झालेली ही उदारमतवादी संस्था. तिथे इतरही मुली शिकत होत्या, पण धर्मशिक्षिका होण्यासाठी. रब्बी होण्याच्या इराद्याने आलेली ही एकटी. तो इरादा १९३० मध्ये सादर केलेल्या प्रबंधाच्या नावातच आहे: स्त्रीला रब्बीपद भूषवता येतं का?

टंकलिखित ८८ पानांचा हा प्रबंध दप्तरात शाबूत आहे. त्याचं मोल केवळ ‘हो, येतं’ या उत्तरात नाही. तसं म्हणणारे त्या काळच्या जर्मनीत बरेच निघाले असते. काळ बदलला, स्त्रिया वकील झाल्या, डॉक्टर झाल्या, मग रब्बी का नको, हा युक्तिवाद तयारच होता. योनासबाईंनी तो सोपा रस्ता धरला नाही. त्या हलाखेच्या, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या, आतच राहिल्या. शास्त्राला वळसा घालून मिळालेलं पद त्यांना नको होतं. शास्त्रानेच दिलेलं हवं होतं. रब्बीची कामं त्यांनी एकेक करून वेगळी मांडली. शिकवणं, प्रवचन देणं, निर्णय सांगणं, दुःखितांजवळ बसणं. यांतलं कोणतं काम स्त्रीला निषिद्ध आहे, आणि कोणत्या आधाराने, हे प्रत्येकाबद्दल विचारलं. बायबलमधल्या दबोरा आणि हुल्दा, तालमूद या धर्मग्रंथाच्या काळातली बेरुरिया, मध्ययुगीन भाष्यकार राशी याच्या मुली अशी स्त्रियांच्या अधिकाराची उदाहरणं गोळा केली. ‘त्स्नीउत’, म्हणजे मर्यादाशीलता, हे स्त्रीला घरात ठेवण्याचं नेहमीचं कारण. त्यांनी ते झटकून टाकलं नाही. उलट त्या मूल्याची बाजू घेतली आणि मर्यादा पुरुषालाही तितकीच लागू आहे हे दाखवलं. शेवटी निष्कर्ष काढला की आडवं येतं ते शास्त्र नव्हे, पूर्वग्रह आणि सवय नसणं. हे सगळं सत्तावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने परीक्षकांपुढे ठेवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

परीक्षक होते तालमूदचे प्राध्यापक एदुआर्ट बानेट. त्यांनी प्रबंधाला ‘चांगला’ असा शेरा दिला. रब्बीपदाची मौखिक परीक्षा त्यांच्याच अखत्यारीत होती, पण १९३० च्या ऑगस्टमध्ये ते वारले आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी ते पाऊल उचललं नाही. डिसेंबर १९३० मध्ये योनासबाईंना प्रमाणपत्र मिळालं ते धर्मशिक्षिकेचं. लेओ बेक हेही त्यांचे शिक्षक होते. त्यांनी स्वतः सनद दिली नाही.

पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत जर्मनी बदलली. १९३३ मध्ये एकट्या बर्लिनमध्ये एक लाख साठ हजारांच्या आसपास ज्यू होते. आता सरकारी शाळांतून मुलं बाहेर पडत होती, नोकऱ्या जात होत्या, आणि सप्टेंबर १९३५ मध्ये ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारे न्यूरेंबर्गचे कायदे आले. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत उदारमतवादी रब्बींच्या संघटनेतर्फे डीनेमान यांनी ओफेनबाखला योनासबाईंची परीक्षा घेतली आणि सनदेवर सही केली. बेक तेव्हा सगळ्या जर्मन ज्यूंच्या प्रातिनिधिक संघटनेचे प्रमुख होते. कर्मठ आणि सुधारक दोघांनाही एकत्र बांधून ठेवणं हेच त्यांचं काम होतं. त्यामुळे ज्या सहीने समाजात भांडण पेटेल ती त्यांनी केली नसावी, असं मला वाटतं. यात त्यांचा भित्रेपणा मी पाहत नाही. मात्र डीनेमान यांचं धैर्य आवर्जून पाहतो.

सनद मिळाली, व्यासपीठ मिळालं नाही. १९३७ च्या ऑगस्टपासून बर्लिनच्या ज्यू समाजाने त्यांना नोकरीवर घेतलं ते धर्मशिक्षिका म्हणून. सोबत रुग्णालयात आणि वृद्धाश्रमांत आध्यात्मिक आधार देण्याचं काम. ओरानिएनबुर्गर रस्त्यावरचं नवं सिनगॉग हे शहरातलं भव्य प्रार्थनामंदिर. तिथे त्या बोलल्या त्या रोजच्या प्रार्थनेच्या लहान दालनात. मुख्य सभागृहातलं प्रवचनपीठ त्यांच्या वाट्याला आलं नाही.

मग समाजाने त्यांना रब्बी मानलं होतं का? याचं उत्तर मला नोकरीच्या करारापेक्षा पत्रांच्या मायन्यांत सापडतं. दप्तरात आभाराची पत्रं आहेत, कात्रणं आहेत, निमंत्रणं आहेत. त्यांना काय म्हणावं हाच लोकांपुढे पेच होता. जर्मनमध्ये ‘फ्राउ राब्बिनर’ म्हटलं की रब्बीची बायको, जसं आपल्याकडे ‘डॉक्टरीणबाई’ म्हटलं की पूर्वी डॉक्टरांचं कुटुंब समजलं जाई. मग लोकांनी एक तोडगा काढला: ‘फ्रॉयलाइन राब्बिनर’. कुमारी रब्बी. कुणी सरळ ‘राब्बिनरिन’ असं स्त्रीलिंगी रूप वापरलं. अशा शब्दांना कुठल्या समितीची मंजुरी लागत नाही. आजाऱ्याच्या खाटेशी कुणी येऊन बसतं, त्याचं ऐकून घेतं, त्याच्यासोबत प्रार्थना म्हणतं. मग त्या माणसाला हाक मारायला शब्द हवा असतो, आणि लोक तो घडवतात. परागंदा झालेल्यांचीही पत्रं आहेत. तरुण मुलं शांघायला, दक्षिण अमेरिकेला, मिळेल तिथे निघून गेली, म्हातारे आईबाप बर्लिनला राहिले. त्या म्हाताऱ्यांकडे योनासबाई जात. दूर देशी बसलेल्या मुलांना याचा केवढा आधार वाटत असेल!

नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी देशभर पेटवलेल्या होळीनंतर अनेक रब्बींना पकडून छावण्यांत नेलं, सुटलेले बहुतेक देश सोडून गेले. गावोगावची सिनगॉगं जळाली आणि उरलेल्या मंडळींना प्रवचन सांगायला कुणी राहिलं नाही. १९४०–४१ च्या हिवाळ्यात योनासबाईंना अशा गावी पाठवलं गेलं: ब्राउनश्वाइग, ग्यॉटिंगेन, वोल्फेनब्युटेल, ओडरकाठचं फ्रांकफुर्ट, ब्रेमेन. ज्या पीठावर त्यांना एरवी उभं राहू दिलं नसतं तिथे त्या आता उभ्या राहिल्या, कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं. ‘संकटामुळे स्त्रीला संधी मिळाली’ असं म्हणून काही जण हे निकालात काढतात. मला ते पटत नाही. संकटाने फक्त जागा रिकामी केली. त्या जागी उभं राहण्याची तयारी मात्र १९२४ पासून चालली होती.

दप्तरातला सर्वांत हळवा भाग हाम्बुर्गचे रब्बी योजेफ नॉर्डेन यांच्या पत्रांचा आहे. १९३९ ते १९४२ मधली ही पत्रं. नॉर्डेन विधुर होते, वयाने बाईंपेक्षा तीस-बत्तीस वर्षांनी मोठे. पत्रं प्रेमाची आहेत, यात शंकेला जागा नाही. त्यांची पत्रं बाईंनी जपली. बाईंची त्यांना गेलेली पत्रं उरली नाहीत. त्यामुळे हा संवाद आपल्याला एका बाजूनेच ऐकू येतो. जुलै १९४२ मध्ये नॉर्डेन यांना तेरेझीनच्या घेट्टोत नेलं आणि १९४३ मध्ये ते तिथेच वारले. जे दप्तर सनदा, शिफारशी आणि प्रमाणपत्रं यांनी भरलेलं आहे त्यातच ही पत्रंही बाईंनी ठेवली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपलं कार्य तेवढं उरावं आणि आपण माणूस म्हणून पुसले जावं, असं त्यांना वाटत नव्हतं.

१९४२ मध्ये योनासबाईंना बर्लिनमधल्या लिश्टेनबेर्गच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात वेठीला धरलं होतं. बेक यांची सही याच वर्षातली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारी छापील अर्ज आला. त्यात आपल्या मालकीची एकेक वस्तू लिहून द्यायची, म्हणजे सरकारला ती कायदेशीर रीतीने जप्त करता येई. बाईंनी तो भरून दिला, पुस्तकांसकट. ६ नोव्हेंबरला आई साराबरोबर त्यांना तेरेझीनला नेलं. दप्तर बर्लिनलाच राहिलं. जप्तीच्या यादीत खुर्च्या-कपाटं गेली. सनद, प्रबंध, पत्रं आणि झगा, टोपी घालून हातात पुस्तक धरलेलं ते छायाचित्र ज्यू समाजाच्या कागदांत सुरक्षित राहिलं.

प्रागच्या उत्तरेला असलेलं तेरेझीन हे तटबंदीचं लष्करी गाव. जर्मनीतल्या वृद्ध ज्यूंना ‘तिथे तुमची सोय लावली आहे’ असं सांगून, वर पैसे भरून घेऊन, करारावर सह्या घेऊन पाठवलं होतं. गाडीतून उतरल्यावर समोर दिसे ती गर्दी, उवा, भूक. त्या पहिल्या धक्क्यानेच माणसं खचत. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी अशा माणसांना गाठून धीर देण्यासाठी एक गट उभा केला होता. योनासबाई त्या गटात होत्या. नव्याने आलेल्या गाडीपाशी जायचं, माणसांशी बोलायचं. बर्लिनच्या वृद्धाश्रमांत जे काम त्या करत आल्या होत्या तेच काम, फक्त आता स्वतःही कैदी असताना.

तेरेझीनच्या स्मारकात आणखी एक कागद आहे. हाताने लिहिलेली यादी: एकमेव स्त्री रब्बी रेगीना योनास यांची व्याख्यानं. विषय २४. त्यांतले पाच ज्यू स्त्रियांच्या इतिहासाचे, पाच तालमूदचे, दोन बायबलमधले, तीन माणसांना आधार देण्यासंबंधीचे, आणि नऊ धर्मश्रद्धा, नीती आणि सण यांची ओळख करून देणारे. या नऊंपाशी मी थबकतो. तेरेझीनमध्ये थोर पंडितांची व्याख्यानं होत. तिथे आणलेले बेकही तत्त्वज्ञानावर बोलत. योनासबाईंनी सर्वांत मोठा वाटा प्राथमिक गोष्टींना दिला. कारण समोर बसलेल्या कित्येकांना ज्यू म्हणून इथे आणून टाकलं होतं, पण ज्यू असणं म्हणजे काय हे त्यांच्या घरात दोन पिढ्यांत कुणी सांगितलं नव्हतं. ज्या कारणासाठी आपला छळ होतो आहे त्यात अभिमान बाळगावा असं काय आहे, हे त्यांना कळायला हवं होतं.

या यादीचं शीर्षकही नीट पाहावं. बर्लिनच्या करारात त्या ‘शिक्षिका’ होत्या. घेट्टोमधल्या या कागदावर त्या ‘रब्बी’ आहेत.

१२ ऑक्टोबर १९४४ च्या गाडीने रेगीना आणि सारा योनास यांना ऑश्वित्झला नेलं. दोघी परतल्या नाहीत. रेगीना ४२ वर्षांच्या होत्या. आठवड्याभराने, १९ ऑक्टोबरला, फ्रँकलही ऑश्वित्झला गेले. ते वाचले. बेक तेरेझीनमध्येच राहिले आणि मे १९४५ मध्ये मुक्त झाले. बेक १९५६ पर्यंत जगले, खूप बोलले, खूप लिहिलं. फ्रँकल १९९७ पर्यंत. त्यांचं छावणीच्या अनुभवावरचं पुस्तक जगभर वाचलं गेलं, मराठीतही आलं. त्यात योनासबाईंचं नाव नाही. मेलेल्यांबद्दल बोलणं जगलेल्यांना किती जड जातं हे मी समजू शकतो. तरीही हे मौन मला खुपतं. बेक यांनी स्वतःच्या हाताने त्या सनदेच्या भाषांतरावर सही केली होती.

त्या मौनाची किंमत पुढच्यांनी मोजली. जून १९७२ मध्ये सॅली प्रीसँड यांना अमेरिकेतल्या सिनसिनाटीला रब्बीपद मिळालं तेव्हा ‘इतिहासातली पहिली स्त्री रब्बी’ असं सगळीकडे म्हटलं गेलं. योनासबाईंचं नाव अगदीच पुसलं गेलं होतं असं नाही, काही जुन्या बर्लिनकरांच्या स्मरणात ते होतं. पण पुरावा हातात नव्हता. बर्लिनची भिंत पडली, पूर्व जर्मनीच्या ताब्यातली दप्तरं उघडली, आणि १९९१ मध्ये धर्मशास्त्राच्या अभ्यासक कातारीना फोन केलेनबाख यांना हे कागद मिळाले. १९९९ मध्ये एलिझा क्लाफेक यांनी प्रबंध आणि चरित्र प्रसिद्ध केलं. पुस्तकाचं नाव लोकांनीच घडवून ठेवलं होतं: फ्रॉयलाइन राब्बिनर योनास. पुढे क्लाफेक स्वतः रब्बी झाल्या. त्याआधी १९९५ मध्ये बेआ व्हीलर या युद्धोत्तर जर्मनीतल्या पहिल्या स्त्री रब्बी म्हणून कामाला लागल्या होत्या. त्यांच्याकडच्या गावांत ब्राउनश्वाइग होतं.

ते दप्तर आता ओरानिएनबुर्गर रस्त्यावरच्या नव्या सिनगॉगच्या वास्तूत आहे. १९३८ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याच्या हिमतीमुळे ही इमारत आगीतून वाचली होती. १९४३ मध्ये बाँब पडले, आणि १९५८ मध्ये मुख्य सभागृहाचे अवशेष सुरुंग लावून पाडले. ज्या प्रवचनपीठावर योनासबाईंना चढू दिलं नाही ते उरलं नाही; त्या जागी आज उघडं पटांगण आहे आणि सभागृहाची आखणी जमिनीवर दगडांनी दाखवली आहे. रस्त्याकडचा घुमटाचा भाग पुन्हा उभा राहिला. सनद तिथे आहे. त्याच भागात वर एक लहानसं प्रार्थनेचं दालन आहे, स्त्रिया आणि पुरुष तिथे एकत्र बसतात, आणि २००७ मध्ये एक स्त्री त्या मंडळीची रब्बी झाली.